"आपल्याला पिसं नाहीत ना, आई?"

अर्धविराम

खूप दिवसांनी धागा काढतेय. विषय जड आहे, पण दोन रात्री डोक्यातून जात नाहीये.

लेक सात वर्षांची. परवा झोपताना तिला एक चित्रगोष्ट वाचून दाखवली, ईव्ह बंटिंग यांची, १९८०ची. जंगलात सगळे प्राणी गुण्यागोविंदाने राहत असतात. एक दिवस काहीतरी भयंकर येतं. त्याला धड नाव नाही, धड आकार नाही. ते म्हणतं, पाठीवर पिसं असणाऱ्यांना न्यायला आलोय. पक्षी जातात. बाकीचे म्हणतात, बरं झालं, फार कलकलाट करायचे. पुढच्या खेपेला झुबकेदार शेपटीवाले. मग पोहणारे. मग काटेवाले. दर खेपेला निकष बदलतो आणि दर खेपेला उरलेल्यांना काही ना काही कारण सापडतं. शेवटी पांढरे ससे. त्यातला एक छोटा ससा तेवढा निसटतो.

हे होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, रूपक आहे हे मला ठाऊक होतं, तिला नाही. मी सांगितलंही नाही. म्हटलं, गोष्टच काय करायचं ते करील.

गोष्ट संपल्यावर ती बराच वेळ छताकडे बघत पडली होती. मला वाटलं, आता रडणार. तर तिने बाही वर सरकवून स्वतःचा हात नीट बघितला, उलटा-सुलटा, आणि विचारलं, "आपल्याला पिसं नाहीत ना, आई?"

"नाहीत."

"मग आपल्याला नाही नेणार." कूस बदलली आणि दोन मिनिटांत गाढ झोपली.

मी मात्र टक्क जागी. कारण गोष्टीतले प्राणी तरी दुसरं काय म्हणत होते? ज्या वागण्याची भीती वाटावी म्हणून गोष्ट लिहिलीय, तेच वागणं तिने दिलासा म्हणून उचललं. वय कमी पडलं? की वाचून तसंच सोडून दिलं हे माझं चुकलं? छळ, अन्याय असले विषय मुलांना रूपकातून सांगावेत की थोडं थांबून सरळच सांगावेत? अनुभव असतील तर लिहा. उपदेशही चालतील, बेताने.

नवखा_बाबा

वाचतोय. आमचं अजून साडेतीन वर्षांचं आहे, पण धागा वाचनखुणांत टाकून ठेवतो.

(झोपताना हे? आमच्याकडे झोपताना ससाच जिंकतो, कासवाचं नाव काढलं तरी रडारड.)

रानवाट

ताई, तिने उलटं घेतलं नाही, बरोब्बर घेतलं. बाहेरून बघून 'अरेरे बिचारे पक्षी' म्हणाली असती तर गोष्ट वाया गेली असती. ती सरळ उरलेल्यांच्यात जाऊन बसली आणि उरलेल्यांना जे वाटतं ते तिला वाटलं. 'आपण त्यातले नाही' म्हणून येणारी झोप आपल्यापैकी बहुतेकांना येतेच.

गोष्टीमागे ज्यांचं प्रसिद्ध वचन आहे ते मार्टिन नीमोलर स्वतः याच झोपेतून उठलेले. 'आधी ते अमक्यांना न्यायला आले, मग तमक्यांना, मी काही बोललो नाही' वगैरे म्हणणारे जर्मन पाद्री. लोक त्यांना पहिल्या दिवसापासूनचे विरोधक समजतात. तसं नव्हतं. सुरुवातीला त्यांना हिटलरचं येणं बरंच वाटलं होतं. सरकार चर्चच्या कारभारात शिरलं तेव्हा ते उभे राहिले, १९३७ला अटक झाली आणि १९४५पर्यंत छळछावण्यांत होते. युद्धानंतर ते हे सांगत फिरले, ते आधी स्वतःबद्दल. त्यामुळे लेकीचं 'मग आपल्याला नाही नेणार' ऐकून घाबरू नका. तिथूनच पुढे जायचं आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात, खेळता खेळता एवढंच विचारा: "आणि पुढच्या वेळी ते बाही असणाऱ्यांना न्यायला आले तर?"

तिरकस

आता जरा विरुद्ध बाजू. प्राण्यांच्या गोष्टींवर आपला फार जीव आहे, पण त्या आपण समजतो तेवढ्या पोचतात का? टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार ते सहा वर्षांची मुलं. वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट, एका गटाला माणसांच्या चित्रांसह, दुसऱ्याला माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांसह. नंतर मुलांना मिळालेले स्टिकर दुसऱ्याला द्यायची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले. प्राण्यांच्या गोष्टीने ते झालं नाही. बऱ्याच मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटलेच नव्हते.

म्हणजे आपण कोल्ह्यात माणूस बघतो आणि पोरगं कोल्ह्यात कोल्हाच बघतं. मग रूपक कोणासाठी? बहुतेक वेळा वाचून दाखवणाऱ्यासाठी. आपल्याला सगळं सांगितल्याचं समाधानही मिळतं आणि अवघड शब्द तोंडातून काढावाही लागत नाही.

अर्धविराम

@तिरकस, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. 'नाझी' हा शब्द टाळता आला म्हणूनच मी ते पुस्तक उचललं होतं.

गोष्टवेडी

तिरकसराव, स्टिकर वाटणं आणि अन्याय ओळखणं यात फरक आहे हो. वाटून घ्यायला शिकवायचं तर माणसाचीच गोष्ट बरी, मान्य. पण अन्याय जवळून दाखवला की लहान मूल डोळे मिटतं. माझा मुलगा तरी मिटायचा. प्राणी असले की बघू शकायचा. लांबून का होईना, बघायचा.

आमच्या घरचं सांगते. लांडगा आणि कोकरू ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. ओढ्यावर वर लांडगा, खाली कोकरू. 'तू माझं पाणी गढूळ केलंस.' 'पाणी तर तुमच्याकडून माझ्याकडे येतंय.' 'मग गेल्या वर्षी मला शिव्या दिल्यास.' 'तेव्हा मी जन्मलोच नव्हतो.' 'तू नाही तर तुझ्या बापाने दिल्या असतील.' आणि संपलं कोकरू. मी ही लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेल, कधी काही वाटलं नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मध्येच म्हणाला, "त्याला भूक लागली होती ना? मग भांडला कशाला?"

मला उत्तर सुचेना. खरंच, लांडगा आहे, भूक लागलीय, खाऊन टाक. कोकराशी हुज्जत घालायची गरज काय? मग आम्ही मायलेकांनी बसून त्याची कारणं बोटांवर मोजली. पाण्याचं एक, शिव्यांचं दोन, बापाचं तीन. प्रत्येक वेळी कोकरू खरं बोलतं आणि काही उपयोग होत नाही. मुलगा म्हणाला, "बाबाचं पण खोटं निघालं असतं तर त्याने आजोबांचं काढलं असतं."

तेव्हापासून मी असल्या गोष्टी निवडताना एकच बघते. खाणारा भुकेने खातोय की कारण काढून खातोय? नुसत्या भुकेच्या गोष्टीत मुलं शिकतात की लांडगे असेच असतात, काय करणार, जपून राहा. अन्याय तसा नसतो ना! तिथे आधी कारण तयार होतं, मग यादी, मग हुकूम, आणि मग दारावर थाप. सहा वर्षांच्या मुलाला यादी आणि हुकूम कळत नाहीत. 'भांडला कशाला' हे मात्र कळतं. अर्धविराम, तुमच्या गोष्टीतही तेच आहे. 'फार कलकलाट करायचे' हे कारण उरलेल्यांनी पुरवलंय. न्यायला आलेल्यांनी मागितलंही नव्हतं.

रानवाट

गोष्टवेडी, +१००. शेवटच्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

जुनी_वही

गोष्टवेडींचा मुद्दा पुढे नेतो. लांडगा जन्मानेच लांडगा असतो, ही प्राणिकथांची मोठी अडचण. आर्ट स्पीगलमन यांनी 'माऊस' या होलोकॉस्टवरच्या चित्रकादंबरीत ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं काढली तेव्हा हाच आक्षेप आला होता, की मांजराने उंदीर मारणं हा तर निसर्ग झाला, मग गुन्हा कुठला? (हे लहान मुलांचं पुस्तक नाही. चित्रं बघून कोणी सात वर्षांच्या हातात देऊ नका.) पण त्यांनी त्यातच एक गंमत करून ठेवलीय. पोलिश पात्रं डुकरांच्या रूपात आहेत. ज्यू पात्राला पोलिश म्हणून लपायचं असतं तेव्हा ते डुकराचा मुखवटा लावतं आणि मुखवट्याची मागे बांधलेली दोरी आपल्याला दिसते. म्हणजे लेखकच सांगतोय की ही जात-बीत काही नाही, चेहऱ्यावर बांधलेलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. रूपक हे कोणाच्याही हातात चालणारं हत्यार आहे. १९३८मध्ये जर्मनीत मुलांसाठी एक सचित्र पुस्तक निघालं, नावाचा अर्थ 'विषारी अळंबी'. आई आणि मुलगा रानात अळंबी गोळा करतायत. आई प्रेमाने समजावते, काही चांगल्या, काही विषारी, आणि विषारी ओळखू येत नाहीत. मग तशीच माणसंही असतात म्हणते आणि ज्यूंवर येते. आईची माया, रान, टोपली, सगळं जागच्या जागी. प्रकाशक युलिउस श्ट्रायखर. त्याने स्वतःच्या हाताने कोणाला मारल्याचा आरोप नव्हता. लिहून-छापून द्वेष पसरवला आणि संहाराला चिथावणी दिली, एवढ्यावर युद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात दोषी ठरला आणि १९४६ला फाशी गेला.

तेव्हा रूपक चांगलं की वाईट असा प्रश्नच नाही. अळंबीच्या गोष्टीत मूल प्रश्न विचारूच शकत नाही. आईला सगळं माहीत आहे आणि गोष्ट उत्तर देऊन संपते. कोकराच्या गोष्टीत 'भांडला कशाला' विचारायला जागा उरते. मला फरक तिथे दिसतो.

नवखा_बाबा

टोपली जागच्या जागी... अंगावर काटा आला.

खडू_फळा

बारा वर्षं शिकवतेय म्हणून दोन शब्द. वयाबद्दल विचारलंय. वॉशिंग्टनमधलं होलोकॉस्ट स्मृती संग्रहालय शिक्षकांना सांगतं की हा विषय सविस्तर शिकवायचा तर सहावी आणि पुढच्या मुलांना. म्हणजे अकरा-बारा वर्षं. त्याआधी नुसतं वेगळेपण, पूर्वग्रह, एकाला वगळणं, यावर बोलता येतं. माझाही अनुभव तोच. सातव्या वर्षी मुलाला 'साठ लाख' हा आकडा काही सांगत नाही. 'माझ्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरलं' हे सगळं सांगतं.

आणि एक हात जोडून विनंती. गोष्टीऐवजी 'करून दाखवू' असं कोणाच्या डोक्यात आलं तर थांबा. १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी जेन एलियट या शिक्षिकेने आयोवातल्या एका छोट्या गावात तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली होती. एका रंगाचे श्रेष्ठ, दुसऱ्या रंगाचे कनिष्ठ, नंतर उलट. काही तासांत चांगली मुलं एकमेकांशी दुष्टपणे वागायला लागली. प्रयोग जगभर गाजला, त्यावर टीकाही तेवढीच झाली. मुलांना काही विचारलेलं नव्हतं. वर उल्लेख केलेलं संग्रहालयही असल्या सोंगांच्या विरोधात आहे. एक तर मूल दुखावतं, नाहीतर 'मला कळलं त्यांना कसं वाटलं असेल' असं खोटं समाधान घेऊन घरी जातं.

मी एकदा, फार सौम्य प्रमाणात, टोप्यांच्या रंगावरून असं काही केलं होतं. लाल टोपीवाल्यांनी अर्धा तास मागे बसायचं, बोलायचं नाही. तास संपला, टोप्या काढल्या, मी फळ्यावर मुद्दे लिहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगा स्वतःहून मागे जाऊन बसला. विचारलं तर म्हणाला, "मी लाल होतो ना." पुन्हा कधी केलं नाही.

गोष्टीत ससा सापडतो आणि मूल घरीच असतं. ते अंतर मुलासाठी आहे, आपल्या सोयीसाठी नाही. @तिरकस, म्हणून रूपक.

तिरकस

'मी लाल होतो ना' वाचून गप्प बसतोय. थोडा वेळ.

उंबरठा

सगळं पटतंय, तरी एक राहवत नाही. रूपकावर थांबलात तर ती पळवाट होते. कुठेतरी माणूस यायला हवा, नावानिशी.

बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली आठवण आहे, १९०१ची. जेमतेम नऊ-दहा वर्षांचा मुलगा, बरोबर घरातलीच मुलं. वडिलांना भेटायला निघालेत, नवे कपडे, पहिला मोठा रेल्वेप्रवास, नुसता उत्साह. स्टेशनवर घ्यायला कोणी येत नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरकतो. गाडीवान मिळता मिळत नाही. बरोबर जेवण आहे, पण कोणी पाणी देत नाही, म्हणून तेही खाता येत नाही आणि मुलं उपाशी झोपतात. यात एकही लांडगा नाही. रक्ताचा थेंब नाही. माझ्या मुलाने नवव्या वर्षी ऐकली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "नवे कपडे घातले होते तरी?" त्याला वाटलं होतं की नीटनेटकं असलं, शहाण्यासारखं वागलं की माणसं नीट वागतात. ते त्या दिवशी मोडलं. रूपकाने मोडलं नसतं.

माझा क्रम असा: आधी कोकरू, मग हा मुलगा. मध्ये दोन-तीन वर्षं जाऊ देत. पण 'मग' आलंच पाहिजे.

खडू_फळा

अनुमोदन. आणि हे सांगताना रूपकाकडे परत बोट दाखवायचं. 'आठवतं, लांडगा कारण शोधत होता?' मुलं लगेच जोडतात.

भुईचाफा

हे सगळं युरोप आणि भूतकाळ झालं. आत्ताचं बोला. हाँगकाँगमध्ये लांडगे आणि मेंढ्यांच्या चित्रपुस्तकांवरून मुलांना वाचा-उपचार देणाऱ्या पाच जणांना २०२१मध्ये पकडलं आणि २०२२मध्ये राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली. तिरकसराव म्हणतात रूपक पोचत नाही. सरकारला तरी पोचलं बघा.

तिरकस

हा हा. हा मुद्दा मान्य. सरकारं रूपकं फार बारकाईने वाचतात.

ओसाडगावचा_पाटील

आपल्याकडे पण काही कमी नाही. परवाच त्या

संपादक

वरील प्रतिसाद व त्यावरचे अकरा उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागा मुलांच्या गोष्टींबद्दल आहे, निवडणुकीचा आखाडा दुसरीकडे मांडावा.

जुनी_वही

आखाडा आवरला तर एक राहिलेलं लिहितो. आपण सगळे मोठ्यांनी मुलांना सांगायच्या गोष्टींबद्दल बोलतोय. उलटंही झालंय. तेरेझिनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) नाझी छावणीत कैदेतल्या मुलांनी 'ब्रुंडिबार' नावाचा छोटा ऑपेरा केला, १९४३ आणि ४४मध्ये, पंचावन्न वेळा. संगीतकार हान्स क्रासा तिथेच कैदी. गोष्ट साधी: आजारी आईसाठी दूध हवं म्हणून भाऊ-बहीण बाजारात गाणं म्हणतात, पेटी वाजवणारा खाष्ट ब्रुंडिबार त्यांना हुसकावतो, मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली मुलं एकत्र येऊन त्याला हरवतात. ब्रुंडिबार म्हणजे कोण हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. १९४४ला रेड क्रॉसचे पाहुणे आले तेव्हा छावणी किती छान आहे हे दाखवायला नाझींनी त्यांच्यापुढेही हाच ऑपेरा ठेवला. पाहुणे बघून गेले. त्या शरद ऋतूत क्रासा आणि त्या मुलांपैकी बहुतेक आउशवित्झच्या संहारछावणीत पाठवले गेले.

म्हणून 'मुलांना झेपेल का' हा प्रश्न मी जरा दबकतच विचारतो. त्या मुलांना रूपकच हवं होतं. सरळ सत्य त्यांच्या आजूबाजूला पुरेसं होतं.

रानवाट

🙏

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. आठवडाभराने लिहितेय, कारण सांगण्यासारखं काहीतरी झालं.

रानवाटने सुचवलेला प्रश्न विचारला, सकाळी, वेणी घालताना. "पुढच्या वेळी ते बाही असणाऱ्यांना न्यायला आले तर?" ती म्हणाली, "मी बाही कापून टाकीन." बरं. "आणि वेणी असणाऱ्यांना?" थोडा विचार. "सोडून ठेवीन." मग मी थांबले. म्हटलं, हिला एकेक काढत न्यायला लावणं हा भलताच खेळ होतोय, खडू_फळा रागावतील. विषय सोडला.

संध्याकाळी ती स्वतःच आली. कागद, कात्री आणि गोंदाची बाटली घेऊन. म्हणे, "आई, पक्ष्यांना न्यायला आले तेव्हा सगळ्यांनीच पिसं लावली असती तर? सशाने, खारीने, माशाने पण?"

"माशाला कशी चिकटणार?"

"दोऱ्याने बांधायची."

@जुनी_वही, तुमची मुखवट्याची दोरी आठवली आणि हसूही आलं.

भुईचाफा

अगं, हे तर डेन्मार्कच्या राजाचं झालं! नाझींनी ज्यूंना ओळखू यावं म्हणून कपड्यांवर पिवळी चांदणी लावायची सक्ती केली तेव्हा राजानेही स्वतः लावली होती.

जुनी_वही

भुईचाफा, गोष्ट सुंदर आहे पण दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये चांदणीची सक्ती झालीच नव्हती, त्यामुळे राजाने लावायचा प्रश्न आला नाही. घडलं ते जास्त कष्टाचं होतं. ऑक्टोबर १९४३मध्ये धरपकड होणार ही बातमी फुटली आणि साध्या लोकांनी सात हजारांहून जास्त ज्यूंना घरात, दवाखान्यांत, चर्चमध्ये लपवून मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं. काही कोळ्यांनी त्याचे भरपूर पैसेही घेतले. लेकीला सांगायची तर ही सांगा, पैशांसकट. आणि माशांचा संबंध आहेच.

अर्धविराम

सांगितली, पैशांसकट. तिने विचारलं, "पैसे नसलेल्यांना पण नेलं का?" इतर लोकांनी वर्गणी काढली होती असं सांगितलं, तेव्हा मान हलवली.

पिसांचं म्हणाल तर एकूण सहा झाली आणि मग कंटाळा आला. एक तिला, एक मला, दोन बाहुल्यांना, एक फ्रिजला. गोंद अजून केसांत आहे. सहावं बाबासाठी होतं, पण तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, कॅमेरा चालू होता, त्याने खुणेनेच 'नको, नंतर' म्हटलं. ती काही बोलली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून तिने लिहून ठेवलंय: बाबाने लावलं नाही.